बॉयलरशेजारचा स्वागतकक्ष

सेंट पॉल, मिनेसोटा
१४ सप्टेंबर १९९८

प्रिय आर्डिस मावशी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी सभेला निघाले होते आणि हे उत्तर लिहितेय तेही दोन सभांच्या मधे. कारण तुझी भाची हार्डेस्टी प्राथमिक शाळेच्या पालक मंडळाची अध्यक्ष झाली आहे. बिनविरोध. तू विचारशीलच म्हणून आधीच सांगते, दुसरं कुणी उभं नव्हतं.

आमची शाळा म्हणजे अख्खं जग आहे. ब्रिटाच्या तिसरीच्या वर्गात लाओसकडची ह्माँग मुलं आहेत, सोमाली आहेत, मेक्सिकन आहेत, काळी आहेत, आणि आपल्यासारखी, म्हणजे साधी, अशी पाच-सहा. शाळेत तेवीस भाषा बोलल्या जातात. पण मंडळाच्या सभेला मात्र आम्ही त्याच सात जणी आणि आठवा प्रेस्टन. प्रेस्टन व्हिटमर वास्तुविशारद आहे, त्याची जुळी मुलं ब्रिटाच्याच वर्गात आहेत. पहिल्याच सभेत त्याने भिंतीवर तक्ता लावून दाखवलं की आपल्या शाळेत सहभागाची दरी आहे. बाकीचे पालक शाळेत फिरकतच नाहीत. ते का फिरकत नाहीत हे शोधायला आम्ही चार पानांची प्रश्नावली घरोघर पाठवली. तीही कुणी भरून दिली नाही. म्हणजे दरी केवढी खोल आहे बघ.

मग मला कल्पना सुचली: स्वागतकक्ष. एक अशी खोली, की जिथे पाऊल टाकताच कुठल्याही आईबापाला वाटेल, ही शाळा माझी आहे. प्रेस्टनला कल्पना इतकी आवडली की तो ती आता स्वतःची म्हणून सांगतो. जागेचाही प्रश्न सुटला. तळघरात बॉयलरशेजारी एक मोठी उबदार खोली आहे, ती रिकामीच असते. सकाळच्या काही बायका बसलेल्या असतात तिथे, एवढंच.

उद्घाटन जानेवारीत आहे. तू यायचंस. मला वाढवलंस तू, आणि माझ्या हातून एवढं मोठं काम होतंय ते बघायला तू नसलीस तर काय उपयोग?

तुझी,
मार्लिस

*

वेलबर्ग, नॉर्थ डकोटा
२३ सप्टेंबर

मार्लिस,

अभिनंदन. बिनविरोध निवडून येणं आपल्या घराण्यातच आहे. तुझा आजोबा अकरा वर्षं दफनभूमी समितीचा अध्यक्ष होता, तिथेही दुसरं कुणी उभं राहत नसे.

पत्र दोनदा वाचलं. तू लिहितेस, खोली रिकामी असते. आणि लगेच पुढे लिहितेस, तिथे बायका बसतात. ही दोन वाक्यं एका हाताने लिहिताना तुझं पेन अडखळलं कसं नाही? कोण आहेत त्या? काय करतात? आमच्या चर्चच्या तळघरातही काही बायका बसलेल्या असतात. त्यांतली एक मी. लग्न असो, मयत असो, पाद्रीबुवांचा वाढदिवस असो, कॉफी तिथूनच वर जाते. मागच्या पाद्रीबुवांनी तिथे तरुणांसाठी टेबल टेनिस आणायचं ठरवलं होतं. आता ते दुसऱ्या गावी असतात.

तेव्हा आधी खाली जाऊन त्यांना विचार.

जानेवारीत माझं यायचं जमणार नाही. माझी कंबर, माझ्या कोंबड्या आणि तो रस्ता, एकाचाही भरवसा नाही. तू हौसेने बोलावलंस, पोचलं.

आर्डिस मावशी

*

सेंट पॉल
१९ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तुझा संशयी स्वभाव काही जात नाही. पण तू म्हणालीस म्हणून मी स्वतः खाली गेले.

सात-आठ जणी असतात, बहुतेक आज्याच. आमचा बालवर्ग अर्ध्या दिवसाचा, साडेअकराला सुटतो. नातवंडाला सोडून घरी जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, की लगेच परत निघायचं. म्हणून त्या तिथेच बसून राहतात. बॉयलरच्या भिंतीला टेकून जी बसते ती लोर आजी. ह्माँग आहे, चणीने ब्रिटाएवढीच असेल. मुलांच्या हरवलेल्या हातमोज्यांची पेटी पुढ्यात घेऊन ती एकेक मोजा शिवत असते. होडान नावाची सोमाली मुलगी मांडीवर बाळ घेऊन शिक्षकांसाठी कागदाची पानं कापत होती, ढीगभर. कोपऱ्यात विजेची शेगडी, त्यावर काहीतरी रटरटत होतं, आणि त्याचा इतका छान वास सुटला होता की मी आले कशाला तेच क्षणभर विसरले. यांतली एकही बाई प्रेस्टनच्या तक्त्यात नाही. स्वयंसेवकांनी ऑफिसातल्या वहीत सही करायची असते आणि यांनी ती कधी केलेली नाही. नियम तो नियम.

तर मी म्हटलं, आजी, सगळ्या पालकांचं स्वागत करायला आम्हाला ही खोली हवी आहे, तुमची काही हरकत नाही ना? तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हवी असेल तर घ्या." झालं. तू उगाच काळजी करत होतीस.

फक्त ओडेसा बर्ड म्हणून एक काळी बाई आहे, नातवाला सोडायला येते, ती म्हणाली की मागे एकदा हायवे बांधायला तिच्या आईचं घर घेतलं होतं आणि तेव्हाही माणसं फार गोड बोलायची. हायवेचा आमच्या स्वागताशी काय संबंध ते मला कळलं नाही. ही बाई जरा तशीच आहे. आंतरराष्ट्रीय सहभोजनासाठी मी तिला विचारलं, तुमच्या देशाचा कुठला पदार्थ आणाल? तर म्हणाली, सेंट पॉलचा. मग मी तिच्या नावापुढे बटाट्याचं हॉटडिश लिहून टाकलं, इथे घरोघरी भट्टीतून निघतं तेच.

आता येण्याबद्दल. बस थेट आहे, कोंबड्यांकडे शेजारचा नेल्स बघेल, आणि कमरेसाठी माझ्याकडे गरम पाण्याची पिशवी आहे. ये ना, मावशी.

मार्लिस

*

वेलबर्ग
२ नोव्हेंबर

मार्लिस,

तू एकदा विचारलंस.

तुझ्या ऑर्व्हिल काकाची गोष्ट तुला शंभरदा सांगितली असेल. आता एकशे एकावी वेळ. तो स्वेन्सनांकडे मळणीला गेला. काम झाल्यावर त्यांनी भट्टीतून काढलेल्या गरम ॲपल पायचं ताट पुढे केलं. ऑर्व्हिल म्हणाला, नको नको. त्यांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, अहो कशाला त्रास. आणि त्यांनी ताट उचलून कपाटात ठेवलं. तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ऑर्व्हिल घरी आला, उभ्या उभ्या थंड बटाटे खाल्ले, आणि पुढे दोन वर्षं स्वेन्सनांच्या बाजूने मान वळवली नाही. सगळं गाव ऑर्व्हिलच्या बाजूने होतं.

आपल्यात पहिल्यांदा विचारणं म्हणजे नुसतं खाकरणं. दुसऱ्यांदा विचारलं की समोरच्याला वाटतं, हां, काहीतरी म्हणतायत. माणूस खरं बोलतो ते तिसऱ्यांदा. तू याच स्वयंपाकघरात लहानाची मोठी झालीस, तुला हे मी शिकवायला नको. ॲपल पायच्या तुकड्यासाठी तीनदा विचारतो आपण. आणि थंडीच्या तोंडावर आज्यांची उबेची जागा घेताना तू एकदा विचारलंस, तेही हातात मोजायचा टेप घेऊनच गेली असशील.

यायचं म्हणशील तर नको. नेल्सला कोंबडी आणि बदक यातला फरक कळत नाही.

मावशी

*

सेंट पॉल
७ डिसेंबर

प्रिय मावशी,

टेप प्रेस्टनच्या हातात होता.

आणि लोर आजी काही आपल्या लोकांसारखी नॉर्वेहून आलेली नाही. त्या रीतीभाती आपल्या. शहरात माणसाच्या शब्दाला मान देतात, हो म्हणाला तर हो. एकदा हो म्हटल्यावर पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे तिला स्वतःचं कळत नाही असं समजणं झालं, आणि ते तर फारच वाईट. हे माझं नाही, प्रेस्टनचं म्हणणं आहे, पण मला पटलं.

खोली तयार झाली. तू बघशील तर थक्क होशील. खाली सायीच्या रंगाचा गालिचा. खुर्च्या काढून मोठ्या गोल उशा ठेवल्या आहेत, सगळे एका पातळीवर बसावेत म्हणून. चाळिशीच्या पुढच्या माणसाला त्यातून उठायला दोघांचा हात लागतो, पण बसताना फार छान वाटतं. समोरच्या भिंतीवर तेवीस भाषांत 'स्वागत' रंगवून घेतलं. विजेची शेगडी आगीच्या भीतीने काढली. गालिच्यामुळे बूट बाहेर, खाणंपिणं बंद. आणि कुणीही केव्हाही शिरेल म्हणून दाराला कुलूप. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोन ते तीन खोली सर्वांसाठी खुली राहील.

त्या बायका गुपचूप निघून गेल्या. एका शब्दाने कुणी तक्रार केली नाही, इतक्या समजूतदार. काल मी ऑफिसच्या खिडकीतून बघितलं, लोर आजी आणि होडान बाळाला शालीत गुंडाळून शाळेच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, बालवर्ग सुटायची वाट बघत. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.

एक विचित्रच आहे. सहभाग वाढायच्या ऐवजी घटलाय. शिक्षक म्हणतात, पानं कापायला कुणी नाही. हरवलेल्या हातमोज्यांची पेटी भरून वाहतेय. पण ब्रिटाचा फाटलेला हातमोजा काल घरी आला तो अंगठ्याशी लाल-निळ्या टाक्यांनी शिवलेला. मी विचारलं, कुणी शिवला? म्हणाली, आजीने. तिची आजी तर फ्लोरिडात असते.

मार्लिस

*

वेलबर्ग
१५ डिसेंबर

मार्लिस,

तू हात हलवलास तिथपर्यंत वाचलं आणि पत्र टेबलावर ठेवून बाहेर गेले. कोंबड्यांना दाणे टाकले, दोनदा. परत येऊन पुढचं वाचलं.

मला राग आला आहे आणि तो मी गोड शब्दांत बसवणार नाही. आज इथे शून्याखाली अकरा आहे. तुझ्याकडे फार वेगळं नसेल. तू एक बाळ आणि एक म्हातारी भिंतीला टेकून उभी बघितलीस, तुझ्या खिशात उबेच्या खोलीची किल्ली होती, आणि तू हात हलवलास.

नाताळची बिस्किटं वेगळी पाठवली आहेत. ती ब्रिटासाठी आहेत.

आर्डिस

*

सेंट पॉल
१८ जानेवारी १९९९

प्रिय मावशी,

बिस्किटं मिळाली, ब्रिटा खूश.

उद्घाटन पार पडलं. फार आटोपशीर, घरगुती कार्यक्रम झाला. मुख्याध्यापक लिंडक्विस्ट सर आवर्जून आले होते. खाण्यालाही छान प्रतिसाद मिळाला. प्रेस्टनच्या मते अशा उपक्रमांचं यश गर्दीवर मोजायचं नसतं.

इकडे थंडी फार आहे. तू कशी आहेस?

मार्लिस

*

वेलबर्ग
२५ जानेवारी

मार्लिस,

मी बरी आहे. किती जण आले होते?

मावशी

*

सेंट पॉल
८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कुणीच आलं नाही.

म्हणजे आम्ही आठ होतो आणि लिंडक्विस्ट सर. त्यांनी पाच मिनिटं भिंत न्याहाळली, "हे जरा वेगळंच झालंय," म्हणाले आणि मफलर गुंडाळून निघाले. दोनाचे तीन वाजले. मी घरी भाजून केलेले चॉकलेटचे चौकोनी बार तसेच होते, आणि खोलीत खायला आमचीच बंदी, म्हणून आम्ही बाहेर बोळात उभे राहून ते खात होतो, आमचे आम्हीच. शेवटचा तुकडा अर्थातच कुणी घेईना. प्रेस्टनने त्याचा अर्धा कापून घेतला, मग कुणीतरी उरलेल्याचा अर्धा, असं करत करत नखाएवढा कण राहिला आणि त्याच्याकडे बघत आम्ही आठ मोठी माणसं उभी. मला हसू यायला हवं होतं. रडू यायला लागलं.

तेवढ्यात शाळा सुटली आणि ब्रिटा कुठे दिसेना. वर्गात नाही, मैदानात नाही. मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई म्हणाली, ती रोज जाते तिकडेच गेली असेल. मला हे 'रोज' पहिल्यांदाच कळत होतं. रस्त्यापलीकडे नाणं टाकून कपडे धुवायचं दुकान आहे, तिने तिकडे बोट दाखवलं. काचा वाफेने पांढऱ्या झालेल्या. हातात बारचं दुसरं ताट तसंच घेऊन मी दार ढकललं.

मावशी, आमच्या तक्त्यातली अख्खी दरी तिथे बसली होती. आज्या, आया, दोन बाप. मुलं वॉशिंग मशिनांवर वह्या ठेवून अभ्यास करत होती. होडानचं बाळ कपड्यांच्या टोपलीत झोपलेलं. बालवर्गाची शिक्षिका कागदाची पानं कापत होती. आम्ही काढून टाकलेली शेगडी कोपऱ्यात, तिच्यावर तोच वास. लिंडक्विस्ट सर तिथे कॉफी पीत बसले होते, मला बघून त्यांनी कपात तोंड घातलं. आणि ब्रिटा लोर आजीच्या पायाशी बसून सुईत दोरा ओवत होती. तिला मी तीन महिने विचारतेय, आज काय केलंस, आणि ती म्हणते, काही नाही. ती खोटं बोलत नव्हती. मी उत्तराला थांबत नव्हते.

ओडेसा म्हणाली, आत ये नाहीतर बाहेर जा, ऊब चाललीय. मी आत गेले. लोर आजीने शेजारच्या खुर्चीकडे मान हलवली. "बस."

मी म्हटलं, "नको नको, मी निघतेच आहे."

तिने मान डोलावली आणि पुन्हा सुईकडे वळली. निघतेच म्हटल्यावर निघायला हवं होतं, पण मी ताट धरून तिथेच उभी. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाहेर थंडी आहे. बस."

"अहो, कशाला उगाच त्रास," मी म्हटलं. माझ्या तोंडून ऑर्व्हिल काका बोलतोय हे मला ऐकू येत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

मग ती उठली. खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलून मशिनवर ठेवला, खुर्ची हाताने पुसली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "बस." मी बसले.

ताट मी मांडीवर घेतलं. शेवटी म्हटलं, आजी, तुम्ही मला तीनदा विचारलंत. ती म्हणाली, "तुझ्या लोकांना तीनदा विचारावं लागतं. मी अठरा वर्षं आहे इथे. आधी एकदाच विचारायचे, तर तुम्ही लोक माझ्या घरून उपाशी परत जायचात."

ओडेसाला हसू आवरेना. पण मला तुझं पत्र आठवलं. मी विचारलं, मग मी खोलीचं विचारलं तेव्हा?

"तेव्हा तू एकदा विचारलंस. मी तुझ्या लोकांसारखं उत्तर दिलं. मग वाट बघितली."

"किती दिवस?"

"तो माणूस कुलूप घेऊन आला तोपर्यंत."

ती रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मोज्याचा दोरा दाताने तोडला आणि मोजा ब्रिटाच्या हातात दिला. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, मावशी. तिने आपली रीत शिकून घेतली, माझ्याशी त्या रीतीने वागली, आणि मी तिला नॉर्वेहून आली नाही म्हणून रीतच लागू नाही असं तुला लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि म्हटलं, तुमची खोली आहे, परत या. म्हणाल्या, इथे बरं आहे. काल पुन्हा गेले. ओडेसा म्हणाली, "अहो, कशाला उगाच त्रास," हुबेहूब माझ्या आवाजात, आणि सगळं दुकान हसलं. पण इथे बरं नाही. महिनाअखेर मालक नवी मशिनं बसवणार आहे, खुर्च्या काढणार आहे, आणि मग त्या पुन्हा त्या भिंतीशी उभ्या राहणार. तिसऱ्यांदा जायची मला भीती वाटते. तिसऱ्यांदाही नको म्हणाल्या तर ते खरं नको.

तू ये, मावशी. हे मी तुला तिसऱ्यांदा विचारतेय.

मार्लिस

*

वेलबर्ग
१५ फेब्रुवारी

मार्ले,

आता हे पत्र माझ्या भाचीचं वाटलं. आधीची कुणा वास्तुविशारदाची होती.

लोर आजीला माझा नमस्कार सांग. अठरा वर्षांत ती जे शिकली ते स्वेन्सनांना चार पिढ्यांत जमलं नाही.

तिसऱ्यांदा जा. तिथेच सगळं ठरतं, म्हणून तर भीती वाटते. जाताना प्रेस्टनला नेऊ नकोस, बार नेऊ नकोस, आणि तुला किती वाईट वाटतंय हे तर मुळीच नेऊ नकोस, ते ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. मागच्या दोन्ही वेळी तू रिकाम्या हाताने गेलीस आणि त्या खोलीच्या दाराला कुलूप तसंच होतं. कुलूप लावून 'या' म्हणणाऱ्याकडे मीही गेले नसते.

माझ्या येण्याचं म्हणशील तर तू तिसऱ्यांदा विचारलंस खरं, पण रडत रडत विचारलेलं आपल्यात धरत नाहीत.

मावशी

*

सेंट पॉल
२७ फेब्रुवारी

आर्डिसबाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी ओडेसा बर्ड. तुमच्या भाचीने माझ्या नावावर बटाट्याचं हॉटडिश लिहिलं होतं ती. तुमचा पत्ता ब्रिटाने दिला. तुम्हाला दोन गोष्टी कळवायच्या आहेत, एक बातमी आणि एक तक्रार.

बातमी अशी. गुरुवारी सकाळी मार्लिस दुकानात आली. हातात कुलूप, कडीकोयंडा आणि दाराचा एक चांगला वीतभर ढलपा, कारण स्क्रू काढायला तिने लोण्याची सुरी वापरली होती. ते सगळं तिने मशिनवर ठेवलं आणि म्हणाली, परत या, हे तिसऱ्यांदा विचारतेय. पुढे काही बोलली नाही, हे तिच्यासाठी फार मोठं आहे. आम्ही सगळ्या लोर आजीकडे बघत राहिलो. मी स्वतः नाही म्हणणार होते. माझ्या आईचं घर गेलं तेव्हा कुणी दुसऱ्यांदासुद्धा विचारायला आलं नव्हतं. पण कुणी कुलूप उचकटून परत आणून दिलेलं मी कधी बघितलं नव्हतं, तेही खरं.

लोर आजीने विचारलं, गालिचा? काढला, म्हणाली. उशा? प्रेस्टनच्या गाडीत. आमच्या खुर्च्या? लावल्या, पण एक मोडकी आहे. "ती माझीच," आजी म्हणाली आणि उठली. कपडे मशिनमध्ये फिरत होते म्हणून ते होईपर्यंत थांबलो, नाहीतर तेव्हाच निघालो असतो.

तर आम्ही परत बॉयलरशेजारी आहोत. भिंतीवरचं तेवीस भाषांतलं स्वागत राहू दिलंय. त्यावरून दोरी बांधून आजी मोजे वाळत घालते, त्यामुळे आता सहा-सात भाषाच दिसतात. प्रेस्टन रोज दहाला येतो आणि पानं कापतो. वाईट कापतो, पण येतो. त्याने आमच्यापुढे स्वयंसेवकांची वही धरली, सही करा म्हणून. मी म्हटलं, नवीन तू आहेस, तू कर.

आता तक्रार. तुमची भाची हल्ली प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट तीनदा विचारते. कॉफी हवी का, खिडकी लावू का, इथे बसू का. काल होडानला तीनदा विचारलं, बाळ झोपलंय का, आणि तिसऱ्यांदा विचारलं तोवर ते उठलं होतं. लोर आजी म्हणते, हे त्यांच्या घरचं वळण आहे, हळूहळू जाईल. तेव्हा घरच्यांनाच कळवावं म्हटलं.

ब्रिटा सांगते, तुम्ही कॉफी निवळायला तिच्यात अंडं घालता आणि तीनदा बोलावल्याशिवाय कुठे जात नाही. मी सेंट पॉलची आहे, मी एकदाच विचारते. बॉयलरजवळ एक खुर्ची रिकामी ठेवली आहे. यायचं असेल तर या.

ओडेसा बर्ड

*

पोस्टकार्ड
वेलबर्ग, ४ मार्च

मिसेस बर्ड,

येते. शनिवारी दुपारची बस. कॉफीत घालायला अंडी माझ्या कोंबड्यांची आणते, आणि मोडकी खुर्ची चिकटवायला सरस.

मार्लिसला एवढ्यात सांगू नका. ती मला परत विचारणार आहे, विचारू दे.

आर्डिस हॉगेन